गोल्डफिशचा रंग फिका पडतोय: खाद्यात झेंडू घालू की कोळंबीची डोकी?

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळ घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत मी गोल्डफिशची पैदास करते. अडचण रंगाची आहे. एकाच विणीची पिल्लं, पण बाहेरच्या हिरव्या पाण्यातली गडद केशरी होतात आणि पावसाळ्यात पडवीतल्या काचेच्या टाकीत हलवलेली हळूहळू पिवळट पडतात. मासे चपळ आहेत, खातातही छान. पण दुकानदार अशा मालाचा भाव पाडतो, आणि एवढी निगा राखलेली पिल्लं कमी पैशात द्यायला जीव होत नाही.

मासा कॅरोटिनॉइड (पिवळी-केशरी-लाल रंगद्रव्यं) स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं, हे मला माहीत आहे. बाहेर शेवाळ मिळतं. आत मिळते शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा आणि सुक्या मासळीची कुटी. म्हणजे रंगाचं जवळजवळ काहीच नाही.

झेंडूच्या पाकळ्या वाळवून घालाव्यात का? की बाजारात टाकून देतात ती कोळंबीची डोकी? एकाने आठवड्यात लाल करणारी पावडर देऊ केली आहे, पण पुडीवर घटकच लिहिलेले नाहीत. यातलेच काही मासे पुढच्या विणीसाठी ठेवायचे आहेत, म्हणून फार भीती वाटते.

प्रतिसाद

ताई, ती पावडर अजिबात घेऊ नका. अशा मालात टेस्टोस्टेरॉनसारखं हार्मोन असू शकतं. त्याने रंग चढतो, पण माशांची प्रजननक्षमता जाऊ शकते.

झेंडूत मुख्यतः ल्युटिन हे पिवळं कॅरोटिनॉइड असतं, त्याने पिवळा-केशरी रंग खुलतो. शिवाय हारांच्या फुलांवर कीटकनाशक मारलेलं असतं, त्यामुळे दारचा झेंडू असेल तरच वापरा आणि सावलीत वाळवा. लालीसाठी कोळंबी उत्तम, कारण तिच्यात थेट लाल कॅरोटिनॉइड म्हणजे अ‍ॅस्टाझँथिन असतं. कच्ची कोळंबी करडी दिसते, कारण हे रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं. उकळलं की ते सुटं होतं आणि कवच लाल होतं. डोकी थोडा वेळ उकळा, बारीक वाटा, गाळा आणि खाद्यात मिसळा. सुका जवळा वापरलात तर आधी धुऊन मीठ काढा.

स्पिरुलिनाही (वाळवलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड) घाला. तिच्यातल्या पिवळ्या कॅरोटिनॉइडचं, म्हणजे झिअ‍ॅझँथिनचं अ‍ॅस्टाझँथिन करण्याची क्षमता गोल्डफिशच्या शरीरात असते. किलोभर खाद्याला मी ५० ग्रॅम घालतो. फरक दिसायला महिना-दीड महिना तरी द्या. ही द्रव्यं उजेड, उष्णता आणि हवेने नासतात, म्हणून थोडंच खाद्य करून फ्रीजरमध्ये ठेवा.

प्रतिसाद

पडवीत उजेड किती येतो? अंधारात गोल्डफिश फिके पडतात, मग खाद्य कितीही चांगलं असो. टाकीचा तळ पांढरा असेल तरी मासा अंग उजळ करतो, तेव्हा गडद वाळू घालून पाहा. आणि काही मासे वयाबरोबर मुळातच पांढरे होतात. तो आनुवंशिक भाग आहे, तिथे खाद्य चालत नाही. विणीसाठी तसे ठेवू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पडवीत उजेड खरंच कमी आहे, आधी दिव्याची सोय करते. डोकी उद्याच आणते. मिश्रण बांधायला जिलेटिनऐवजी चायनाग्रास चालेल का?

प्रतिसाद

चालेल. चायनाग्रास पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, किंचित निवला की घट्ट व्हायच्या आत वाटण आणि स्पिरुलिना घाला. पातळ थापून गोठवा आणि लागेल तसा तुकडा मोडा. पाच मिनिटांत संपेल एवढंच टाका. कोळंबीचं उरलेलं खाद्य काचेच्या टाकीचं पाणी फार लवकर बिघडवतं.