घरात लहान मुलं आहेत. लॅब्राडॉरचं पिल्लू आणावं की मोठी झालेली गावठी?

दोन_लेकरांची_आई (पुणे)

घरात चार वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, नोकरी करणारे आम्ही दोघं आणि सासूबाई. सिंहगड रोडला दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. मुलगा दोन वर्षं कुत्र्यासाठी मागे लागलाय आणि आता आमचंही मन तयार झालंय. अडलंय ते कुठला आणायचा यावर.

नवऱ्याला लॅब्राडॉर हवा आहे. त्याच्या ओळखीतल्या एकाकडे ३५ दिवसांची पिल्लं आहेत. "लवकर घेऊन जा, मुलांच्या अंगाखांद्यावर वाढेल म्हणजे प्रश्नच नाही," असं तो माणूस म्हणतो. मी मात्र गेल्या रविवारी एका बाईंनी तात्पुरती सांभाळलेली गावठी कुत्री पाहून आले. साधारण तीन वर्षांची, तांबूस, कानाला नसबंदीची खाच. तिला तांबी म्हणतात. माझ्या मुलीला बघून ती अंगावर आली नाही की लपलीही नाही. मुलीच्या सँडलचा वास घेतला, दोन पावलं मागे सरकली आणि फरशीवर अंग टाकून बसली. तेव्हापासून माझा जीव तिच्यात अडकलाय.

नवरा म्हणतो, रस्त्यावरच्या कुत्र्याचा भरवसा काय? सासूबाईंनी लहानपणी गावात पिसाळलेलं कुत्रं चावून दगावलेला मुलगा पाहिलाय. कुत्र्याचा विषय निघाला की त्या गप्प होतात. ज्यांच्या घरात मुलं आणि कुत्रा एकत्र राहिलेत त्यांनी स्पष्ट सांगा.

नाशिककर_बाबा

ताई, लॅबच घ्या. आमची राणी अकरा वर्षं घरात होती, माझी दोन्ही मुलं तिच्यासोबत वाढली. लॅब मूळचा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करणारा कुत्रा. पुढे ब्रिटनमध्ये शिकारीत पडलेला पक्षी न चावता तोंडात धरून आणून द्यावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला. माणसाचं ऐकणं आणि तोंड हलकं ठेवणं त्याच्या रक्तातच आहे. माझा धाकटा दीड वर्षाचा असताना राणीचे कान धरून उभा राहायचा, ती हूं की चूं करायची नाही.

गावठीचे आईबाप कोण, तिने रस्त्यावर काय काय सोसलं, कुणी सांगू शकतं का? एकटा असतो तर मीही आणली असती. चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मी ही जोखीम घेणार नाही.

एक गोष्ट मात्र कुठलाही कुत्रा आणलात तरी पाळा. द्राक्षं आणि मनुका खाली पडू देऊ नका. आमच्याकडे हंगामात घरभर द्राक्षं असतात आणि मुलांच्या हातातून सांडतात. कुत्र्याच्या किडन्या त्याने निकामी होऊ शकतात. शिऱ्यातला मनुकासुद्धा देऊ नका.

गावठीच_बरी (ठाणे)

३५ दिवसांचं पिल्लू? ताई, तिथेच थांबा. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीसाठी २०१७ साली केंद्राने नियम केलेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरला नोंदणी बंधनकारक आहे. हा नियम उगाच नाही. पिल्लू जोरात चावलं की आई झिडकारते, भावंडं किंचाळून खेळ थांबवतात. दात किती लावायचा हे पिल्लू तिथे शिकतं. पाचव्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाला ते शिकवणार कोण? तुमच्या मुलीचे हात.

नाशिककर, तुमची राणी गुणी होती यात वाद नाही. पण लॅबच्या पिल्लाचे पहिले सहा-आठ महिने आठवा. सुईसारखे दुधाचे दात, चपला, सोफ्याचे कोपरे, आणि समोर पळणाऱ्या मुलाच्या पोटऱ्या. वर्षभरात तेच पिल्लू पंचवीस-तीस किलोचं होतं, पण डोकं अजून पिल्लाचंच. चार वर्षांच्या मुलीचं वजन किती असतं? आनंदाने उडी मारली तरी ती भुईसपाट.

तीन वर्षांची कुत्री जशी आहे तशी समोर दिसते. तिचा आकार ठरलाय, स्वभाव ठरलाय. केस कमी गळतात, आपल्या हवेला ती सरावलेली आहे. पिल्लू म्हणजे बंद पाकीट आहे, मग ते लॅबचं असो नाहीतर गावठीचं.

सांगायलाच_हवं (कोल्हापूर)

ठाणेकर, "जशी आहे तशी दिसते" हे मलाही सांगितलं होतं. मीही गावठीचीच बाजू घेणारी होते, म्हणून लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार वर्षांचा एक गावठी कुत्रा दत्तक घेतला. पहिले तीन आठवडे इतका शांत, की शेजारी विचारायचे, हा भुंकतो तरी का? आता कळतं की तो शांत नव्हता, धास्तावलेला होता. घर आपलं वाटायला लागलं तसा तो खाण्याची राखण करायला लागला. मी वाटीजवळून गेले की खाणं थांबवून तसाच ताठ उभा राहायचा. मला वाटलं, अदबीने थांबतोय.

एका संध्याकाळी मुलाचा चेंडू डायनिंग टेबलाखाली गेला. वाटी तिथेच होती. मुलगा वाकला आणि पुढच्या क्षणी किंचाळला. मनगटाच्या वर दोन दात, रक्त. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुतला. घड्याळ लावून धुतला, कारण माझं मलाच भान नव्हतं. मग जखमेत रेबीजविरोधी सीरम, आणि लशीचे डोस त्याच दिवशी, तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. मुलगा सहा वर्षांचा होता. प्रत्येक वेळी विचारायचा, "तो माझ्यावर का रागावला?"

कुत्रा परत द्यावा लागला. ज्या माणसाच्या घरात मुलं नाहीत तिथे तो आज सुखात आहे. चूक त्याची नव्हती. पण एका रविवारच्या भेटीवर तुम्ही जीव लावून बसला आहात, म्हणून माझ्या पोटात गोळा आला.

पशुवैद्य (सांगली)

एकवीस वर्षं जनावरं तपासतोय, त्यातली निम्म्याहून जास्त कुत्री. वरचे तिघंही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक आहेत, पण जातीवरून भांडण्यात मूळ गोष्ट हातातून सुटतेय.

नाशिककर, राग मानू नका. दीड वर्षाचं पोर कान धरून उभं राहतं आणि कुत्री काही करत नाही, याला आपण प्रेम म्हणतो. अशी कुत्री तपासायला टेबलावर येते तेव्हा मी विचारतो, ती त्या वेळी तोंड कुठे फिरवत होती? ओठ चाटत होती? झोप नसताना जांभया देत होती? डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसत होता? ही सगळी "पुरे आता" असं सांगायची भाषा आहे. तुमच्या राणीने सोसलं. शंभरातली एक सोसत नाही, आणि मग लोक म्हणतात, कधी काही केलं नाही हो, अचानक चावली. अचानक फार क्वचित असतं. कोल्हापूरच्या ताईंचा कुत्रा वाटीजवळ ताठ उभा राहून सांगतच होता.

गुरगुरलं म्हणून कुत्र्याला मारू नका. ती धोक्याची घंटा आहे. घंटा काढून टाकलीत तर पुढच्या वेळी थेट दात येतो.

लॅबबद्दल लोकांना एक माहीत नसतं. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच लॅब्राडॉरमध्ये भुकेशी संबंधित एक जनुकीय बदल असतो, त्यामुळे त्यांचं पोट भरल्यासारखं होतच नाही. हातात बिस्किट घेऊन घरभर फिरणारं चार वर्षांचं मूल आणि असा कुत्रा. चावणार नाही कदाचित, पण हातातलं हिसकावणार. माझ्याकडे येणारे लॅब बहुतेक वेळा लठ्ठ असतात आणि कमरेच्या सांध्याने अधू. जातिवंत पिल्लू घ्यायचंच असेल तर त्याची आई दाखवायला सांगा. आई माणसांसमोर कशी वागते ते बघा. आई दाखवत नसेल तर तिथून निघा.

पिल्लाचं जग ओळखायचं वय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत. त्याच काळात लशी पुऱ्या झालेल्या नसतात, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूची भीती असते, म्हणून त्याला खाली मातीत सोडता येत नाही. कडेवर घेऊन रिक्षाचा आवाज, शाळा सुटल्याचा गोंगाट, काठी टेकत चालणारे आजोबा हे सगळं दाखवावं लागतं. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात हे कोण करणार, ते आधी ठरवा.

आणि मोठी कुत्री घेणार असाल तर एक भेट म्हणजे काहीच नाही. चार-पाच वेळा जा. एकदा ती खात असताना लांबून बघा, एकदा झोपेतून उठताना बघा, एकदा मुलगा खोलीत पळत असताना. हात लावायची परीक्षा मुलांकडून घेऊ नका, तुम्ही घ्या.

सासूबाईंना सांगा, त्यांची भीती खरी आहे. संशयित रेबीज असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत साधारण चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्यांच्या लहानपणी गावात सहज मिळत नव्हती ती लस आज मिळते. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली, मग दरवर्षी. ते कार्ड त्यांच्या हातात द्या, तारीख त्यांनाच लक्षात ठेवू दे.

नागपूरकर

पग नको, बर्फातला दाट केसांचा हस्कीही नको. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धड धापही टाकता येत नाही, आणि कुत्रा अंग थंड करतो ते धाप टाकूनच. मुलं त्याला दुपारी खेळायला ओढतात. माझ्या भावाचा पग तसाच गेला, मुलांच्या देखत. पुण्यात एवढं तापत नाही, तरी सांगून ठेवतो.

माळावरचा (सोलापूर)

गावठी आणि लॅबच्या मध्ये आपली कारवान आहे, तिचं नाव कुणीच घेत नाही. कर्नाटकात मुधोळ म्हणतात. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. घरच्या पोरांना जीव लावते. पण ताई, तुम्हाला आणा म्हणणार नाही. ती सशामागे वाऱ्यासारखी पळणारी जात. दोन बेडरूममध्ये कोंडली तर भिंती खरवडेल. आमच्याकडे माळ आहे म्हणून जमतं.

सध्या_नकोच (डोंबिवली)

माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहिते. आत्ता कुत्रा आणू नका. मुलगी सहा वर्षांची होऊ दे.

चार वर्षांच्या मुलाला "तिला झोपू दे" एकदा सांगितलं तर ते पाच मिनिटं टिकतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला कळतं. तोवर चोवीस तास कुणाची तरी नजर हवी, आणि तुम्ही दोघं ऑफिसात. म्हणजे नजर सासूबाईंची. सकाळचं फिरवणं तुमचं, पण दुपारी दोनची शू, सांडलेलं पाणी, बेल वाजल्यावरचं भुंकणं हे सगळं त्यांचं. आमच्याकडे नातवाच्या हट्टासाठी आलेला कुत्रा बारा वर्षं माझ्या आईने सांभाळला. तिचे गुडघे गेले होते, तरी जिने उतरायची. आम्ही कुणी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ते मला आजही बोचतं.

तुमच्या पोस्टमध्ये मुलाला काय हवं, नवऱ्याला काय हवं, तुम्हाला काय हवं ते आहे. सासूबाईंना काय हवं ते नाही.

नाशिककर_बाबा

डॉक्टर, कानाचं तुमचं बरोबर आहे. काल रात्री जुने फोटो काढून बसलो. तीन फोटोंत राणी तोंड फिरवून बसलीय. अकरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तरी माझं मत बदललेलं नाही. आई बघून, आठ आठवडे पूर्ण झालेलं लॅबचं पिल्लू आणलं तर अंदाज बांधता येतो. कोल्हापूरच्या ताईंसोबत जे झालं ते अंदाज नसल्यामुळेच झालं.

गावठीच_बरी (ठाणे)

त्यांच्यासोबत जे झालं ते वाटी चुकीच्या जागी असल्यामुळे झालं, आणि त्यांनी ते स्वतः लिहिलंय. खाण्याची राखण लॅबसुद्धा करतो. डॉक्टरांनी सांगितलेली न संपणारी भूक वाचलीत ना? पण पहिल्या तीन आठवड्यांबद्दल मी ताईंसमोर हार मानते. इथून पुढे दत्तक देताना मी ते प्रत्येकाला सांगेन.

दोन_लेकरांची_आई (पुणे)

सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. डोंबिवलीच्या ताई, तुमची शेवटची ओळ वाचताना आवाज अडकला. सासूबाईंना त्याच रात्री विचारलं. म्हणाल्या, "कुत्र्याची भीती नाही गं वाटत. तुम्ही घरात नसताना पोरीला काही झालं तर, याची वाटते."

नवऱ्याने त्या माणसाकडे पिल्लांची आई दाखव म्हणून सांगितलं. आधी ती गावी गेलीय म्हणाला, मग आजारी आहे म्हणाला. तो विषय तिथे संपला. लॅबचा नाही संपलेला, नोंदणी असलेल्या एका ब्रीडरकडे जूनमध्ये पिल्लं होणार आहेत, तिकडे नाव न देता फक्त बघायला जाणार आहोत.

तांबीकडे आम्ही आणखी तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या वेळी सासूबाई आल्या. तांबी खात असताना मी आठ-दहा फुटांवर उभी राहिले. ती खात राहिली, अंग ताठ नाही, शेपूट खाली सैल. मुलगा पळाला तेव्हा मात्र उठून दुसऱ्या खोलीत गेली. हे चांगलं की वाईट? त्या बाई आमच्याकडे दोन शनिवार-रविवार तिला आणायला तयार आहेत, आणि मी एक महिना घरून काम मागितलंय. तेवढी परवानगी मिळाली नाही तर आणणार नाही, हे ठरलंय.

स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांचं गेट बसवायचं म्हणतोय. वाटी त्याच्या आत ठेवू की बाल्कनीत?

पशुवैद्य (सांगली)

उठून गेली हे चांगलं. नको वाटलं की निघून जाणारी कुत्री मुलांच्या घरात हवी. फक्त तिला जायला जागा ठेवा, आणि त्या जागेत मुलांनी पाऊल टाकायचं नाही.

सांगायलाच_हवं (कोल्हापूर)

बाल्कनीत नको, तिथे चेंडू जातात. गेटच्या आत, आणि ती खात असेपर्यंत कडी लावलेली. वाटी रिकामी झाली की तुम्ही उचला, मुलांना उचलू देऊ नका. तीन आठवड्यांनी सगळं सुरळीत वाटायला लागलं तरी कडी लावत राहा.