कोंबडी उभीच राहत नाहीये, पायाला काय झालंय? मदत हवी आहे

रानजाई
कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा. आमची सोनी दोन-तीन दिवस लंगडत होती, आज सकाळपासून बसूनच आहे. उचलून उभी केली की एक पाय वर धरते, दोन पावलं टाकते आणि परत बसते. खाते, पण वाटी तोंडाशी नेली तरच. बाकीच्या दोघी तिच्या डोक्यावर टोचतायत. जवळच्या दवाखान्यात नेलं तर "आम्ही कुत्री-मांजरं बघतो, कोंबडी नाही" म्हणाले. मेडिकलवाल्याने कॅल्शियमचं सिरप दिलंय. ते किती द्यायचं? हळद लावली आहे. मुलगी शाळेतून यायच्या आत काहीतरी करायचंय.

केदार७२
ताई, घाबरवत नाही, पण हा मरेक्स वाटतोय. विषाणूमुळे नसा सुजतात आणि पाय लुळे पडतात. औषध नाही. माझ्या कडकनाथच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) अशाच गेल्या. आधी एक लंगडली, मग एक पाय पुढे आणि एक मागे असा फाकून पडली, बघता बघता अर्धं खुराडं रिकामं झालं. पहिल्या दिवशी लस दिली होती का? नसेल तर हिला आजच वेगळी करा.

नलूमावशी
सोनी गावठी आहे का गो? आमच्या दापोलीला कोंबडीचा पाय मुंगसाने धरला होता. कांडवेल वाटून लेप दिला, बांबूच्या दोन पातळ कामट्या लावून सुती चिंधीने बांधलं. डालग्याखाली ठेवलं म्हणजे उड्या मारता येत नाहीत. तीन आठवड्यांत हाड धरलं आणि पुढे दोन वर्षं अंडी घातली तिने. कॅल्शियम-बिल्शियम काही लागत नाही.

रानजाई
मुंगूस वगैरे काही नाही इथे, कंपाउंड आहे. सिरप किती द्यायचं ते कोणी सांगेल का?

पशुवैद्य_मिरज
सिरपचं नंतर बघू. आधी हे सांगा: वय किती? जात कोणती? अंडी घालते का, शेवटचं कधी घातलं? एकच पाय की दोन्ही? तुमचं बोट तिच्या पंजात दिलं तर ती आवळून धरते का? दोन्ही पायांना हात लावून बघा, एक जास्त गरम लागतो का? आणि सगळ्यात आधी पाय उलटा करून तळवा बघा. कोमट पाण्याने धुवून, उजेडात. हळद पुसून टाका, तिच्या रंगाखाली काही दिसणार नाही.

शिवारफेरी
दुखतंय म्हणून चालत नाही, एवढंच आहे. घरात दुखण्यावरची जेल असेलच ना, डायक्लोफेनॅकवाली? सांध्यावर चोळा, संध्याकाळपर्यंत चालायला लागेल. मी बैलालाही लावायचो.

पशुवैद्य_मिरज
कृपा करून जेल लावू नका. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे. औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते घातक आहे, आणि पायाला लावलेलं चोचीने पोटात जातंच. पक्ष्याला वेदनाशामक द्यायचंच असेल तर मेलोक्सिकॅम देतात, पण वजन करून आणि डॉक्टरने लिहून दिल्यावरच.

शिवारफेरी
बंदी गुरांच्या इंजेक्शनवर होती, माणसांच्या जेलवर नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

भातखाचर
शिवारफेरी, जेल माणसाला चालते म्हणून कोंबडीला कशी चालेल? गिधाडांचं म्हणाल तर मी श्रीवर्धनचा. लहानपणी मेलेलं जनावर टाकलं की आभाळ भरायचं, पुढे एकेक वर्ष एकही दिसायचं नाही. आता म्हसळ्याकडे जंगलात थोडी घरटी टिकून आहेत, ती तिथल्या लोकांनी आणि पक्षीमित्रांनी जपली म्हणून. त्यामुळे या औषधाचं नाव कोणी सहज घेतलं की मला राहवत नाही.

रानजाई
गिधाडांचा धागा वेगळा काढा ना प्लीज.
उजवा पाय. अंडी घालते, परवा घातलं. बोट आवळते, पण उजव्याने कमी जोरात. तळव्याचा फोटो काढतेय, ती हलते.

उंबरठा
फोटो काढताय तर बोटांच्या बेचक्यातही बघा. केस किंवा दोरा गुंडाळलेला असतो. आमच्या कोंबडीच्या बोटात नायलॉनचा मांजा रुतला होता. वरून फक्त सूज दिसत होती. बारीक कात्रीने कापून काढला, पण तोवर टोकाचं पेर काळं पडलं होतं. संक्रांतीनंतर दोन महिने हे हमखास होतं.

रानजाई
दोरा नाही. फोटो टाकलाय. तळव्याच्या मधोमध काळा खडा चिकटल्यासारखा आहे, धुऊन निघत नाही. आजूबाजूला फुगलंय आणि गरम लागतंय.

पशुवैद्य_मिरज
तो खडा नाही, खपली आहे. याला बंबलफूट म्हणतात. तळव्याला बारीक जखम होते, त्यातून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, आत घट्ट पिवळी गाठ होऊन बसतो. म्हणून वरून काही लावून आतलं बरं होत नाही आणि नुसत्या गोळ्यांनीही गाठ जात नाही. सोनी बसते कुठे? रात्री कशावर असते, उतरते कशावर?

रानजाई
पोरी तिघी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर झोपतात, साधारण माझ्या खांद्याएवढा उंच आहे. खाली शहाबादी फरशी. पण दोन वर्षं तिथेच झोपतात, काही झालं नव्हतं.

पशुवैद्य_मिरज
दोन वर्षांची म्हणजे वजनही भरलंय. एवढ्या उंचीवरून रोज फरशीवर उडी, त्यात फरशीवरचा एखादा खडा. कारण तेच असणार.

केदार७२
डॉक्टर, मान्य, पण मरेक्स सोडून देऊ नका. मोठ्या कोंबडीलाही होतो. मी एकदा "पाय मुरगळला असेल" म्हणत आठवडा घालवलाय.

पशुवैद्य_मिरज
होऊ शकतो, पण बहुतेक वेळा दीड ते सात महिन्यांच्या वयात दिसतो. त्यात पाय थंड आणि लुळा असतो, बोटं आवळत नाहीत, तळवा स्वच्छ असतो. इथे पाय गरम आहे, पकड आहे आणि खपली समोर दिसतेय. तुमच्या तलंगांचं तुम्ही वर्णन केलंत ते मरेक्सचंच वाटतं. ती लस अंड्यातून बाहेर आल्याबरोबर, हॅचरीतच द्यावी लागते. घरी खुडूक कोंबडीखाली काढलेल्या पिल्लांना ती मिळत नाही, म्हणून गावठीत आणि कडकनाथमध्ये हे जास्त बघायला मिळतं. लस लागण थांबवत नाही, गाठी आणि लुळेपणा थांबवते, एवढंच.

सायली_वसई
धागा पळवतेय, पण माझी चार दिवसांची पिल्लं आहेत आणि एकाचे दोन्ही पाय बाजूला फाकतात. पोटावर पोहल्यासारखं सरकतं. हाही मरेक्स का?

पशुवैद्य_मिरज
नाही, इतक्या लवकर नाही. खाली वर्तमानपत्र आहे ना? काढा, गुळगुळीत कागदावर नवे पाय घसरतात. जाड सुती कापड किंवा गोणपाट घाला. बँड-एडची पट्टी मधून चिरून दोन्ही नडग्यांना सैल गुंडाळा, पाय साधारण अंगाच्या रुंदीएवढे लांब राहतील अशी. रोज सोडून बघा. पहिल्या आठवड्यात केलं तर बहुतेक सुधारतात. पाय सरळ असून बोटं आत मुठीसारखी वळलेली असतील तर ते वेगळं, ती बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता. नुसत्या कण्या आणि तांदूळ खाणाऱ्या पिल्लांत होतं. स्टार्टर फीड, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, सुरू करा.

सायली_वसई
वर्तमानपत्रच आहे! लगेच बदलते.

नलूमावशी
आमच्या वेळी फीड नव्हतं, कण्यांवरच वाढायची पिल्लं.

भातखाचर
मावशी, ती दिवसभर उकिरड्यावर किडे-वाळवी खात फिरायची. गच्चीतल्या पिल्लांना कण्यांच्या पलीकडे काही मिळत नाही.

रानजाई
माझ्या प्रश्नावर याल का सगळे? यूट्यूबवर एक बाई ब्लेडने खपली कापून गाठ बाहेर काढते. मी करू का? हात धीट आहेत माझे.

उंबरठा
करा. मी केलंय. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात पाय भिजवा, खपली मऊ होते, मग ओढली की देठासारखी गाठ निघते. रक्त येतं थोडं, घाबरायचं नाही.

पशुवैद्य_मिरज
करू नका. तळव्याच्या गाठीमागे बोटांच्या शिरा आणि कंडरा असतात. भूल न देता कापायचं म्हणजे तिला किती दुखेल याचाही विचार करा. ती ओरडत नाही म्हणून दुखत नाही असं नाही, पक्षी दुखणं लपवतात. उंबरठा, तुमची गाठ लहान आणि वर आलेली असणार म्हणून जमलं. ही सूज बोटांच्या मधे चढलेली फोटोत दिसतेय.
आज एवढं करा. कोमट पाण्यात थोडं मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं पाय भिजवा. कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावा, वर गॉज आणि सैल पट्टी. बोटं गार किंवा निळसर वाटली तर पट्टी लगेच सोडा. हातमोजे घाला, हे जंतू माणसालाही त्रास देतात. तिला जाळीच्या पिंजऱ्यात किंवा टोपलीत ठेवा, पण बाकीच्या दोघी दिसतील अशी. फार दिवस नजरेआड ठेवली तर परत सोडताना जास्त टोचतात. पाणी चोचीच्या उंचीला. एका कुशीवर तासन्‌तास बसली तर छातीच्या हाडावर जखम होते, दिवसातून काही वेळा कूस बदला.
कुठे राहता तुम्ही?

रानजाई
तळेगाव दाभाडे.

पशुवैद्य_मिरज
मग सोपं आहे. पुण्यात औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तिथे न्या. जाण्याआधी १९६२ वर फोन करा, पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री नंबर आहे. खोक्यात तळाला टॉवेल आणि बाजूंना भोकं. सिरप आज देऊ नका. खायला काय घालता?

रानजाई
बाजरी, तांदूळ, पोळीचे तुकडे, भाज्यांची देठं.

पशुवैद्य_मिरज
एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. धान्यातून ते भरून निघत नाही, मग ती स्वतःच्या हाडातून काढते. या पायाचं कारण ते नाही, पण पुढचं दुखणं टाळायचं तर लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला हवा ती खाते. लहान पिल्लांना मात्र लेअर फीड नको, जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडावर येतं.

शिवारफेरी
एका कोंबडीसाठी औंध? पेट्रोलच्या पैशात दोन नवीन येतील. रस्सा करा आणि मोकळ्या व्हा.

रानजाई
शिवारफेरी, तुम्हाला विचारलं नव्हतं. माझी मुलगी आजीच्या आजारपणात महिनाभर बोलत नव्हती कोणाशी, फक्त या कोंबडीशी बोलायची. परत असं लिहू नका.

भातखाचर
रस्सा तर नकोच, त्या पायात पू आहे. आणि पाळलेल्या जिवाला दवाखान्यात नेणं यात पैशाचा हिशोब कशाला?

रानजाई
अपडेट. औंधला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी भूल देऊन गाठ काढली, हरभऱ्याएवढी होती, पिवळी आणि कडक. हाडापर्यंत गेलेली नाही. एक दिवसाआड ड्रेसिंग, मेलोक्सिकॅमचे थेंब आणि अँटिबायोटिक दिलंय. आज सोनी पट्टीचा पाय टेकवून पाण्यापर्यंत गेली. मुलीने ड्रेसिंगची वही केली आहे. मॅडमना विचारायचं राहिलं, अंडी खायची का? सोनीने काल घातलं.

पशुवैद्य_मिरज
छान, वेळेत नेलंत. अंडी सध्या खाऊ नका, इतर कोंबड्यांनाही घालू नका, फेकून द्या. अँटिबायोटिकचा अंश अंड्यात उतरतो. औषध संपल्यावर किती दिवस थांबायचं ते औषधावर ठरतं, ते मॅडमनाच फोन करून विचारा. एन्रोफ्लॉक्सासिन असेल तर नक्की विचारा, अंडी खायची असतील त्या कोंबड्यांत ते वापरूच नये असं सांगतात.
आणि टाकीचा कट्टा बंद करा. खाली दीड-दोन फुटांवर दांडी लावा, दोन इंच रुंद, चपटी, कडा घासलेली. लोखंडी पाइप नको. उतरतात तिथे तीन-चार इंच भाताचं तूस. ओलं झालं की बदला. बाकीच्या दोघींचे तळवेही आजच बघा.

रानजाई
बघितले. एकीच्या तळव्याला लालसर डाग आहे, खपली नाही.

पशुवैद्य_मिरज
सुरुवात आहे. मऊ जागा मिळाली की बहुतेक एवढ्यावरच थांबतं. आठवड्यातून एकदा बघत राहा.

रानजाई
तूस तळेगावात कुठे मिळेल? दुकानात लाकडाचा भुसा देतायत.

भातखाचर
वडगाव-कामशेतकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिथे विचारा. मावळात इंद्रायणी पिकते, तुसाला तोटा नाही, पोतं घेऊन जा. लाकडाचा भुसा घेतलात तर रंधा मारलेल्या जाड सालींचा घ्या. पिठासारखा बारीक नको, त्याची धूळ कोंबड्यांच्या नाकात जाते.