प्रतिसाद: रॉकसाठी बास की मिड्स?
‘रॉक ऐकायचं तर ज्याला बास (खर्जातला आवाज) जास्त तो हेडफोन घ्या’ हे वर कुणीतरी दिलेलं मत मला अर्धंच पटलं. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते खरी, पण डिस्टॉर्शनची (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करतात, त्याची) खरखर त्याच्या कितीतरी वर, मिड्समध्ये म्हणजे मधल्या पट्टीतल्या आवाजात असते. स्वस्तातल्या हेडफोनमध्ये १०० ते २५० हर्ट्झचा भाग फुगवलेला असला की किक ड्रम आणि बास गिटार यांचा काला होतो न् रिदम गिटार मागे जाते.

आणि चष्म्याचा विषय कुणी काढलाच नाही! क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेल्या हेडफोनची गादी कानाभोवती घट्ट बसली तरच बास नीट येतो. चष्म्याच्या काडीने फट राहिली की गळतो. एकाच मॉडेलला एक जण ‘दणदणीत’ आणि दुसरा ‘पोकळ’ म्हणतो, त्यामागे बरेचदा हेच असतं. त्यामुळे चष्मा असेल तर तो घालूनच निवडीतले हेडफोन ऐका, आणि सगळ्यांचा आवाज सारखा ठेवून. जरा मोठा वाजणारा उगाच सरस वाटतो.