घरगुती ऑफग्रिड सोलरला एमपीपीटी लागतोच का? माझं मत: नाही

पानशेतपल्याड:
आई-बाबा वर्षातले आठ महिने पानशेतच्या पुढे गावच्या घरी असतात. तिथे लाइट एकदा गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसतो, म्हणून आम्ही घर पूर्ण सोलरवर घेतलंय. १६५ वॉटच्या दोन सोलर प्लेटा, १२ व्होल्ट १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी आणि ३० ॲम्पिअरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (प्लेटा आणि बॅटरीच्या मधे बसून बॅटरी चार्ज करणारा डबा). पाच एलईडी, दोन बीएलडीसी पंखे, राउटर, संध्याकाळी टीव्ही, एवढाच लोड, दिवसाला एक युनिटच्या आसपास.

तिसरी प्लेट घ्यायला शनिवारी तपकीर गल्लीत गेलो तर तीन दुकानांत एकच रेकॉर्ड, प्लेट राहू द्या आधी एमपीपीटी (त्याच कामाचा महागडा कंट्रोलर) घ्या, ३० टक्के जास्त मिळेल. मला हे पटत नाही आणि का ते सविस्तर लिहितो, कारण नवीन माणूस हे ऐकून दहा-बारा हजार घालवून बसतो.

पीडब्ल्यूएम प्लेटला सरळ बॅटरीला जोडतो, म्हणजे १८ व्होल्टची प्लेट बॅटरीच्या १३-१४ व्होल्टवर खाली येते आणि वरचे व्होल्ट वाया जातात. एमपीपीटी त्या वरच्या व्होल्टचे ॲम्पिअर करून देतो. इथपर्यंत मान्य. पण ते १८ व्होल्ट २५ डिग्रीला मोजलेले असतात हो, एप्रिल-मे मध्ये पत्र्यावरची प्लेट ६० डिग्रीला जाते तेव्हा तीच ३६ सेलची (म्हणजे १८ व्होल्टवाली) प्लेट १६ च्या खाली येते. बॅटरी १३.८ ला. मधे उरलं काय, आणि त्यातून कंट्रोलर स्वतःचे ४-५ टक्के खाणार. फायदा १० टक्के धरा. हिवाळ्यात सकाळी प्लेट गार आणि बॅटरी खाली असते तेव्हा २५-३० टक्के मिळतात हे खरंय, पण हिवाळ्यात आमची बॅटरी दुपारी एकलाच फुल होते, ते जास्तीचं ठेवायचं कुठे? तेवढ्याच पैशात आणखी प्लेट घेतली तर बाराही महिने ५० टक्के जास्त. साधा हिशोब आहे.

वायरमन_काका:
बाळा हिशोब चांगला मांडलास पण पावसाळा विसरलास. ऑफग्रिडवाल्याचं वर्ष जून ते सप्टेंबरवर ठरतं, मे महिन्यावर नाही. ढगात प्लेट गार असते आणि बॅटरी कायम १२.३-१२.५ ला रडत असते, म्हणजे दोघांमधला फरक सगळ्यात जास्त तेव्हाच. ढगाळ दिवसात तुझ्या दोन प्लेटांनी अर्धा युनिट (पाचशे वॉट-अवर) दिलं तर एमपीपीटीने सहाशे वॉट-अवरच्या पुढे जाईल. शंभर वॉट-अवर म्हणजे राउटर दहा तास. गरज असते तेव्हाच मिळतं ना ते.

दुसरं, आज ३६ सेलच्या प्लेटा घेतो कोण? बाजारात माल ५४०-५५० चा. वॉटमागे भाव बघ, छोटी प्लेट कायम महाग पडते. आणि ५४० ची प्लेट पीडब्ल्यूएमवर १२ व्होल्टच्या बॅटरीला लावली तर १३ ॲम्पिअर गुणिले १३ व्होल्ट, १७० वॉट. बाकीचे ३७० वॉट गेले. हे मी मुळशीकडे दोन घरांत डोळ्यांनी बघितलंय, लोक म्हणतात सोलर खोटं आहे. सोलर खोटं नाही, जोडणी चुकलेली आहे.

पानशेतपल्याड:
काका, ५४० च्या प्लेटला पीडब्ल्यूएम लावा असं मी म्हणतच नाही, ते चूकच आहे. माझं म्हणणं १२ व्होल्ट बॅटरी आणि ३६ सेलची प्लेट अशी जोडी असलेल्या छोट्या घरापुरतं आहे. पावसाळ्याचा मुद्दा मात्र मान्य, तो मी हलका धरला होता. तरी शंभर वॉट-अवर विरुद्ध तिसऱ्या प्लेटचे अडीचशे, यात मी प्लेटच घेईन.

सिंहगडपायथा:
मी एमपीपीटीच्या बाजूने आहे, पण दादा तुमच्या धाग्यावर नवीन माणसं येतील त्यांच्यासाठी माझं नुकसान लिहिते. आम्ही २४ व्होल्टची सिस्टिम केली, ५४० च्या दोन प्लेटा आणि १००/३० चा एमपीपीटी. बसवणाऱ्याने दोन्ही प्लेटा सिरीजमध्ये जोडल्या, म्हणाला ४९.५ अधिक ४९.५ (हे ओपन सर्किट, म्हणजे प्लेटला काही जोडलेलं नसतानाचे व्होल्ट), ९९ होतात, १०० च्या आत आहे ताई, काळजी नको. जानेवारीत पहाटे आमच्याकडे ८-९ डिग्री होतं. थंडीत प्लेटचे व्होल्ट वाढतात, एका डिग्रीला साधारण पाव टक्का, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन पडलं की १०३ च्या वर. कंट्रोलर गेला. वॉरंटी नाही, कारण जास्त व्होल्टेजचं आत रेकॉर्ड राहतं. ज्याने बसवला त्याने फोन उचलणं बंद केलं.

तर १००/३० यातला पहिला आकडा व्होल्ट आणि तो ओलांडायचाच नाही, एक क्षणही नाही. दुसरा आकडा ॲम्पिअर, तिथे प्लेट थोडी जास्त झाली तर चांगला कंट्रोलर स्वतः आवरतो. हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. आता प्लेटा पॅरललमध्ये आहेत, चालू असतानाचे ४१ व्होल्ट २४ च्या बॅटरीला भरपूर होतात.

जुनीबाजारपेठ:
तुम्ही सगळे खरा एमपीपीटी गृहीत धरून भांडताय. दोन-अडीच हजारात डब्यावर एमपीपीटी छापलेले जे मिळतात त्यातले कितीतरी आतून पीडब्ल्यूएमच असतात. हातात घेऊन बघा, खऱ्यात तांब्याची जाड कॉइल असते, वजन लागतं. पक्की टेस्ट म्हणजे डीसी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचा): सकाळी बॅटरी अर्धी असताना प्लेटच्या वायरवरचे ॲम्पिअर मोजा, मग बॅटरीच्या वायरवरचे. दोन्ही सारखे आले तर पैसे परत मागा. खरा असेल तर बॅटरीकडे जास्त दिसतात.
आणि म्हणूनच मी पानशेतवाल्यांच्या बाजूचा. खोट्या एमपीपीटीपेक्षा हजार रुपयांचा प्रामाणिक पीडब्ल्यूएम कधीही बरा, निदान तो काय आहे ते माहीत असतं.

कोथरूड_तिसरामजला:
मधेच विचारतो, सबसिडी मिळते का यावर? सूर्यघर योजनेत ७८ हजार म्हणतात.

वायरमन_काका:
ती ग्रिडला जोडलेल्या रूफटॉपला, ३ किलोवॉट आणि वर असेल तर ७८ हजार. ग्रिडच नसलेल्या सिस्टिमला नाही.
पानशेतवाले, एक विचारायचं राहिलं. प्लेटा ते बॅटरी अंतर किती आणि वायर कुठली?

पानशेतपल्याड:
प्लेटा गोठ्याच्या पत्र्यावर आहेत काका, घरावर आंब्याची सावली येते. २२ मीटर असेल. ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर.

वायरमन_काका:
मग कागद घे. ६ स्क्वेअरला मीटरला ३ मिलिओहम, जाऊन-येऊन ४४ मीटर, ०.१३ ओहम. दोन प्लेटांचे १७ ॲम्पिअर. सव्वादोन व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरी १३ ला असेपर्यंत तुला कळणार नाही, कारण ते व्होल्ट तसेही पीडब्ल्यूएम फेकूनच देतो. पण बॅटरी पूर्ण भरायला १४.४ लागतात. १४.४ अधिक सव्वादोन म्हणजे १६.६ आणि तूच वर लिहिलंयस की उन्हाळ्यात प्लेट १६ च्या खाली येते. म्हणजे वरच्या टप्प्यात करंट गळतो आणि बॅटरी वरचेवर अर्धपोटी. तिसरी प्लेट पॅरललमध्ये टाकलीस तर करंट वाढला की वायरीतला तोटाही वाढणार. ग्रॅव्हिटी (बॅटरीतल्या ॲसिडची घनता, त्यावरून किती भरली ते कळतं) तपासलीस कधी?

पानशेतपल्याड:
नाही तपासली. रविवारी जातोय, मीटर आणि हायड्रोमीटर दोन्ही नेतो.

जुनीबाजारपेठ:
जाताय तर आधी प्लेटची वायर काढा, मग बॅटरीची. जोडताना उलट, आधी बॅटरी. आणि इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड पॉइंटला जोडलेला असेल तर सोडवा, तो थेट बॅटरीवर पाहिजे, मधे फ्यूज टाकून.

पानशेतपल्याड:
जाऊन आलो. दुपारी साडेबाराला गोठ्यावर १५.८ व्होल्ट, कंट्रोलरपाशी १३.७. काकांनी सांगितलं तेवढंच. ग्रॅव्हिटी सहा सेलमध्ये ११९० ते १२०० च्या मधे, भरलेल्या बॅटरीला १२४० यायला हवी. बाबा म्हणाले हल्ली रात्री तीनला पंखा हळू होतो, मी समजत होतो बॅटरी म्हातारी झाली. तीन वर्षं मी तिला उपाशी ठेवलं याचं फार वाईट वाटतंय, कारण ते दोघं तिथे त्या पंख्यावर झोपतात.

मत बदललं का? अर्धं. घराच्याच छपरावर प्लेट, पाच-सहा मीटर वायर, ३६ सेल, १२ व्होल्ट, अशांना मी आजही पीडब्ल्यूएमच सांगेन आणि उरलेल्या पैशाची प्लेट घ्या म्हणेन. पण कंट्रोलर निवडायच्या आधी अंतर मोजायचं असतं हे मी सोडलंच होतं, सगळा वेळ टक्केवारीवर भांडत बसलो. आमच्याकडे आता तिन्ही प्लेटा सिरीजमध्ये येतील, ओपन सर्किट ६६ व्होल्ट, थंडीतही ७० च्या आत, म्हणजे १०० चा एमपीपीटी निवांत. करंट ९ ॲम्पिअर, वायरीत सव्वा व्होल्ट जाईल पण ५० मधला.

सिंहगडपायथा:
हे वाचून बरं वाटलं. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार ट्युब्युलर किंवा फ्लडेड (पाणी घालायची) लावा, लिथियमच्या सेटिंगवर येतात काही. आणि पहिल्यांदा इक्वलायझिंग (सगळे सेल सारखे भरायला मुद्दाम जास्त व्होल्टवर चार्ज) करताना पाण्याची लेव्हल बघून झाकणं परत नीट लावा, खोलीच्या खिडक्या मात्र उघड्या ठेवा.

पानशेतपल्याड:
हो ताई, डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन नेतोय. जुना पीडब्ल्यूएम काढून शेजारच्या तात्यांच्या गोठ्यात लावणार आहे, त्यांच्याकडे एक ७५ वॉटची प्लेट पडून आहे आणि बॅटरीपर्यंत चारच मीटर वायर लागते.