परभणीहून टाटा रुग्णालयात जाताना दादरला उतरावे का?

प्रश्न (परभणी)
डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वडिलांना परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पहिल्या तपासणीसाठी न्यायचे आहे. देवगिरी एक्स्प्रेसने दादरला उतरल्यावर लोकलने परळ गाठावे, की टॅक्सी करावी? वडिलांना जिने चढवत नाहीत आणि दादरच्या गर्दीची मला धास्ती वाटते.

उत्तर (नांदेड)
दादरलाच उतरा, पण सकाळच्या त्या वेळी लोकलच्या वाटेला जाऊ नका. परळला बहुतांशी धिम्या लोकल थांबतात आणि सकाळी त्या दिशेला नोकरदारांची रीघ लागलेली असते. दादरला मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वे एकत्र येतात; पूर्वी दोन्हींकडील फलाटांचे क्रमांक एकपासून सुरू होत, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ व्हायचा. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक झाले आहेत. आपली गाडी मध्य रेल्वेच्या फलाटावर लागते. तेथून पूर्वेलाच बाहेर पडा. पुलावरचा लोंढा पश्चिमेला फुलबाजाराकडे वळतो, त्याच्यामागे गेलात तर वडिलांची विनाकारण पायपीट होईल. पुलासाठी लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, घाई करू नका. पूर्वेकडून हिंदमातामार्गे टॅक्सीने परळ जवळ आहे.

उत्तर (जालना)
आपण तारखेकडे लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर अभिवादनासाठी आपल्या मराठवाड्यातून गावेच्या गावे निघतात, आणि त्याच्या आगेमागे गाड्यांत पाय ठेवायलाही जागा नसते. हे लोक शिस्तीने येतात, एकमेकांना सांभाळून घेतात. तरीही आजारी माणसाला इतक्या दाटीत बसवणे योग्य नव्हे. शक्य असल्यास तपासणीची तारीख ८ डिसेंबरनंतरची मागून घ्या.

उत्तर (लातूर)
उपचार लांबले तर राहण्याचा प्रश्न येतोच. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि तेथे कर्करोगाचे रुग्ण नातेवाइकांसह उतरतात. जागेबद्दल रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारा. पुढे कधी दुपारच्या वेळी लोकलने जावे लागले, तर दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णालाही प्रवास करता येतो. वडिलांचे रुग्णालयाचे कागद मात्र हाताशी ठेवा.