बीएमडब्ल्यू एम३४०आय की स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस? शंभरातली एक गाडी जास्त पैसे मोजून घ्यावी का? सल्ला हवा

ओतारी_शिरोली
नमस्कार मंडळी. वय ५२, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. आजवर गाड्या घेतल्या त्या कामासाठी, आधी पिकअप, मग डिझेल एसयूव्ही. आता एक गाडी फक्त चालवण्याच्या आनंदासाठी घ्यायची आहे. ऑन-रोड ९० लाखांपर्यंत जाईन, त्यापुढे नाही.

थोडं मागचं सांगतो. २०२० च्या फेब्रुवारीत ऑटो एक्स्पोला ऑक्टाव्हिया आरएस २४५ आली. भारतासाठी २०० गाड्या, किंमत ३६ लाखांच्या आत. माझं मनाशी पक्कं झालं होतं. मार्चअखेर टाळेबंदी लागली, भट्टी थंड पडली, चाळीस माणसांचे पगार समोर होते. विषय तिथंच मिटवला. २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा आल्या त्या फक्त १००, ४९.९९ लाख एक्स-शोरूम. मी दिवाळीआधीच्या डिस्पॅचमध्ये गुंतलेलो, बघेपर्यंत सगळ्या गेल्या.

आता पुण्यातले एक गृहस्थ आपली आरएस विकताहेत. २,१०० किलोमीटर चाललेली. त्यांचं ऑन-रोड बिल ६२ लाखांचं, मागणी ६८ ची. "शंभरातली एक आहे, पुन्हा मिळणार नाही," म्हणतात. दुसरा पर्याय नवी कोरी बीएमडब्ल्यू एम३४०आय, साधारण ७५ लाख एक्स-शोरूम.

वापर म्हणाल तर महिन्यातले दोन-तीन रविवार पहाटे फोंडा किंवा आंबोली घाट, वर्षातून दोनदा गोवा, एरवी घर ते कारखाना. घरी आम्ही दोघं, आई (७८) आणि मुलगी (२१), तिलाही गाडीचं वेड. काय करावं?

घाटवेडा_सातारा
काका, एम३४०आय. विचारसुद्धा करू नका. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३७४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर), चारही चाकांना ताकद. शून्य ते शंभर ४.४ सेकंद. आरएसला २६५ हॉर्सपॉवर, ३७० न्यूटन मीटर आणि ६.४ सेकंद. दोन सेकंदांचा फरक कागदावर लहान वाटतो. घाटात ट्रकच्या मागून बाहेर पडताना तेवढ्यात ओव्हरटेक संपलेला असतो, समोरून एसटी वळणावर दिसायच्या आत तुम्ही आपल्या लेनमध्ये असता.

पावसाळ्यात आंबोलीला जाणार असाल तर चारचाकी ड्राइव्हचा फायदा पहिल्या ओल्या वळणावरच कळेल.

जपणारा_नाशिक
मी उलट बाजूने सांगतो. माझ्याकडे एक मर्यादित आवृत्तीची गाडी आहे, आठ वर्षं झाली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सुट्या भागांबद्दल पुढे तक्रार आहे. दर रविवारी धुतो, कव्हर घालतो. रस्त्यात पेट्रोल पंपावर लोक थांबून विचारतात, पोरं फोटो काढतात. आपल्यासारखी दुसरी गाडी शहरात नाही हे सुख पैशात मोजता येत नाही. काकांनी सहा वर्षं वाट पाहिली आहे. सहा लाख म्हणजे वर्षाला लाख धरा आणि घेऊन टाका.

तक्रार एवढीच की मागचा बंपर ठोकला गेला तेव्हा नवा बंपर यायला साडेतीन महिने लागले. तोवर गाडी उभी. नेहमीच्या मॉडेलचा बंपर चालला नसता, आकारच वेगळा होता. ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी.

माधुरी_लेखापाल
ओतारी काका, गाडी कुणाच्या नावावर घेणार हे लिहिलं नाहीत. फाउंड्रीच्या नावावर म्हणजे कंपनीच्या नावावर घेतलीत तर महाराष्ट्रात वाहन कर २० टक्के. स्वतःच्या नावावर घेतलीत तर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. ७५ लाखांवर हा सात टक्क्यांचा फरक सव्वापाच लाखांचा होतो. एम३४०आयची जुळणी चेन्नईत होते, त्यामुळे आयात गाडीचा दर तिला लागत नाही.

आरएस पूर्ण बनून आयात झालेली, तिला २० टक्के लागलेच असणार. पण तो कर पहिल्या मालकाने भरून झालाय. ६२ लाखांच्या बिलात जवळजवळ १० लाख तोच आहे, शिवाय पहिल्या वर्षाचा विमा. तुम्ही ६८ देता तेव्हा त्यांचा कर आणि वापरून झालेला विमा दोन्ही पूर्ण भरून देता, वर सहा लाख. त्या सहा लाखांबदली गाडीत एक स्क्रूसुद्धा जास्त येत नाही.

कंपनीच्या नावावर घेतली की घसारा मिळतो म्हणून बरेच जण तिकडे वळतात. तुमच्या सीएंकडून दोन्ही आकडे काढून घ्या. रविवारच्या गाडीला खर्च म्हणून दाखवायला मी तरी सांगणार नाही.

सुप्रिया_म्युनिक
मी मूळची इचलकरंजीची, बारा वर्षं जर्मनीत इंजिन टेस्टिंगमध्ये आहे. दोन्ही इंजिनं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून थोडं लांब लिहिते.

आधी "मर्यादित" या शब्दाबद्दल. युरोपात ऑक्टाव्हिया आरएस ही यादीतली नेहमीची गाडी आहे. शोरूममध्ये जा, रंग निवडा, ऑर्डर द्या. माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्येच तीन-चार उभ्या असतात. भारतात ती शंभरच आली कारण तिथे ती पूर्ण बनून जाते. परदेशात मान्यता मिळालेलं मॉडेल भारतात वेगळी चाचणी न करता एका कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत आणता येतं. २०१८ मध्ये हा नियम सैल झाला, त्याआधी ४०,००० डॉलरवरच्या किंवा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांनाच ती सवलत होती. कंपन्या मग त्या मर्यादेत एक छोटी तुकडी आणतात, अंदाज घेतात. म्हणजे ही गाडी संख्येने कमी आहे, बनावटीने निराळी नाही. खरी मर्यादित आवृत्ती वेगळी असते. पोर्शने २०२३ मध्ये ९११ एस/टी काढली, जगभरात १,९६३ गाड्या. त्यांच्याच जीटी३ आरएसचं ५२५ हॉर्सपॉवरचं इंजिन, त्याला फक्त सहा गिअरचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स, हलका क्लच, कार्बन फायबरचे दरवाजे, मॅग्नेशियमची चाकं, वजन १,३८० किलो. तिथे जास्तीच्या पैशांत वेगळं यंत्र मिळतं. उलट २०२२ मध्ये एम३४०आयचीच "५० यारे एम" (जर्मनमध्ये 'एम'ची ५० वर्षं) आवृत्ती भारतात मर्यादित संख्येत आली होती. बोनेटवर जुना एम बिल्ला आणि सजावट, आतलं इंजिन तेच. जास्त पैसे कशाचे मागताहेत ते असं उघडून बघायचं.

याचा एक फायदा आहे आणि तो जपणारा यांच्या अनुभवाच्या उलट आहे. आरएस इथे सर्रास असल्यामुळे तिचे सुटे भाग दुर्मीळ नाहीत. मागवायला वेळ लागेल, पण भाग अस्तित्वातच नाही असं होणार नाही.

आता काकांसाठी खास. आरएसमधलं इंजिन फोक्सवॅगन गटाच्या ईए८८८ घराण्यातलं. त्याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा नाही, ग्रे कास्ट आयर्नचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे! तिसऱ्या पिढीत त्यांनी भिंतीची जाडी साडेतीन मिलिमीटरवरून तीनवर आणली आणि ब्लॉक साधारण ३३ किलोंचा झाला. शिवाय एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळलेला वायू बाहेर नेणारा भाग) सिलिंडर हेडच्याच ओतकामात घेतलाय, भोवती पाणी खेळवलंय. एम३४०आयचं बी५८ हे ॲल्युमिनियमचं, बंद डेकचं (सिलिंडरभोवतीची वरची बाजू भरीव असलेलं), फार मजबूत इंजिन आहे आणि चालवायला दोघांत तेच गोड. निवड तुमची. पण ओतकाम करणाऱ्या माणसाला हे माहीत असावं असं वाटलं.

ओतारी_शिरोली
सुप्रियाताई, तुमचा प्रतिसाद मी आज दुपारी पॅटर्न शॉपमध्ये (साच्यांचे नमुने बनतात तिथे) मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही ग्रे आयर्नच ओततो, पंपाच्या बॉड्या आणि ट्रॅक्टरची हाउसिंगं. सहा मिलिमीटरची भिंत नीट भरायची तर धातूचं तापमान, कार्बन, सिलिकॉन सगळं मुठीत ठेवावं लागतं. तीन मिलिमीटरला धातू मध्येच गार होऊन थांबला की मिसरन (अर्धवट भरलेलं ओतकाम), आणि कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी एक बाजू कागद होते. तेही पाण्याच्या जॅकेटसकट, लाखोंच्या संख्येत. आमचे मोल्डिंगचे जुने मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे बघायला तरी मिळायला पाहिजे." सहा वर्षं मी ज्या गाडीच्या मागे होतो तिच्या आत आपल्याच धंद्यातली इतकी मोठी कारागिरी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

माधुरीताई, कराचं पटलं. जी घेईन ती स्वतःच्या नावावर.

गॅरेज_भोसरी
दादा, वापरलेली घ्यायच्या आधी एवढं कराच. गाडी लिफ्टवर घ्या. दिवसा, उन्हात. २२५/४० आर१९ टायर म्हणजे बाजूची भिंत जेमतेम नऊ सेंटिमीटर, खड्ड्याचा सगळा मार रिमवर येतो. चाक काढून रिमची आतली कड हाताने फिरवून बघा, बाहेरून चकचकीत रिम आतून चेपलेलं मी किती वेळा पाहिलंय. चारही टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का जुळतो का बघा. २,१०० किलोमीटरच्या गाडीचा एक टायर नवा असेल तर का बदलला हे विचारा. पोटाखालचं प्लास्टिक घासलंय का, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) बाहेरून कुणी हात लावलाय का, हे स्कॅनरवर बघून घ्या. ट्यून केलेली निघाली तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, आणि या गाडीला चार वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी आहे, ती उरलेली तुमच्या कामाची. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि विमा चौदा दिवसांच्या आत नावावर.

दोन्ही गाड्या बुटक्या आहेत. तुमच्या कारखान्याच्या गेटातला स्पीडब्रेकर आधी मोजा.

घाटवेडा_सातारा
सुप्रियाताईंचं वाचून मीही नवीन शिकलो. तरी काका, ब्लॉक कशाचा आहे ते स्टिअरिंगमध्ये जाणवत नाही. मी आरएसही चालवली आहे. सुंदर वळते, पुढच्या चाकांतलं इलेक्ट्रॉनिक लॉक तिला आत ओढतं. पण एम३४०आयमध्ये तिसऱ्या गिअरला पाय दाबलात की जो आवाज येतो तो चार सिलिंडरमधून येणार नाही. एकच विचारतो. आरएस उद्या प्रत्येक शोरूममध्ये हव्या तेवढ्या मिळायला लागल्या तर तुम्ही कुठली घ्याल? मनातून उत्तर द्या.

माधुरी_लेखापाल
हा प्रश्न मलाही विचारायचा होता. आणि दोन्ही चालवल्याशिवाय उत्तर देऊ नका. आईंना आणि मुलीला बरोबर न्या.

ओतारी_शिरोली
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

एम३४०आयची टेस्ट ड्राइव्ह मागून घेतली, चांगली तासभर. घाटवेडा, तुमचा शब्द न शब्द खरा. इतकं गुळगुळीत इंजिन मी आयुष्यात चालवलेलं नाही. दाबलं की पोटात खड्डा पडतो आणि गाडी मात्र शांत. उतरल्यावर माझे हात थरथरत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, हीच."

पुढच्या रविवारी पुण्याला गेलो. मालकांनी किल्ली हातात दिली आणि शेजारी बसले. पहाटे सहाला ताम्हिणीच्या रस्त्याला लागलो. अर्ध्या तासात मला कळलं की ही गाडी मला पुरते. तिची सगळी ताकद मी वापरू शकत होतो. एम३४०आयमध्ये मी अर्ध्यावरच पाय मागे घेत होतो, कारण पुढचं वळण फार लवकर येत होतं. आमच्या घाटांत, माझ्या वयात आणि माझ्या हाताने, मला ही जास्त चालवता आली. परतताना मुलीने चालवली, आई मागे बसली होती. आईला चढउतर करताना दोन्ही गाड्यांत सारखाच त्रास झाला, तेवढी एक गोष्ट मनाला लागून आहे. डिकी सहाशे लिटरची. आई कोकणातून परतताना नारळाचं पोतं घेतल्याशिवाय येत नाही, ते उभं मावेल.

घाटवेडा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हव्या तेवढ्या मिळत असत्या तरी आरएसच घेतली असती. मग ती कमी आहे म्हणून जास्त पैसे मी का द्यायचे?

भोसरीचे दादा, गाडी लिफ्टवर घेतली. डाव्या मागच्या रिमची आतली कड चेपलेली निघाली, बाकी साफ. टायर चारही एका तारखेचे, ईसीयूला हात नाही, कर्ज नाही. मालकांना रिमचं माहीत नव्हतं, त्यांचा चेहरा पडला.

मी त्यांना ५७ लाख सांगितले. बिलातून विम्याचा वापरलेला भाग, एक नवं रिम आणि गाडी दुसऱ्या हातची झाल्याची घट, असा हिशोब माधुरीताईंनी दाखवला तसा कागदावर मांडून दिला. ते म्हणाले, शंभरातली एक आहे, विचार करून सांगतो. मी म्हटलं, सावकाश सांगा, नाही जमलं तर राग नाही, मी पुन्हा वाट पाहीन.

काल रात्री त्यांचा फोन आला. ५८ म्हणाले, रिम ते बदलून देणार. मंगळवारी सकाळी मी आणि मुलगी एसटीने पुण्याला निघतोय. फॉर्म २९ च्या दोन प्रती लागतात ना?

गॅरेज_भोसरी
हो, दोन. आणि रिम बसवल्यावर अलाइनमेंटचा कागद मागून घ्या. अभिनंदन दादा!

सुप्रिया_म्युनिक
काका, डिसेंबरात इचलकरंजीला येणार आहे. ब्लॉकच्या छेदाचे फोटो घेऊन तुमच्या मिस्त्रींना भेटायला शिरोलीला येते.