माळ्यावरचं जुनं ऑडिओ-मोबाईल सामान लिलावात विकायचं आहे, गोव्यातून पार्सल कसं पाठवावं?

डिचोलीकर_फ्यूज
नमस्कार. चवथीच्या साफसफाईआधी माळा मोकळा करायचा आहे. सामान असं:

तारवावरून आणलेला जपानी अ‍ॅम्प्लिफायर (मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट, वजन १४ किलो), बेल्टचा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), ३५ मिमीचा फिल्म कॅमेरा आणि दोन लेन्स, कॅसेट डेक (चालू होतो, टेप फिरत नाही), दोन स्मार्टफोन (एकाची बॅटरी फुगली आहे), एक लॅपटॉप, आणि चावीचा ग्रामोफोन.

यातलं लिलावात काय टाकावं आणि इथेच काय विकावं? सुरुवातीची बोली किती ठेवावी? आणि या पावसात बाहेर पाठवायचं तर पॅकिंग कसं करतात?

सोल्डरवाला_फोंडा
बाब, आधी दोन वस्तू बाजूला काढा.

फुगलेल्या बॅटरीचा फोन कुठल्याच पार्सलात जाऊ देऊ नका. आतल्या इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू साठलेला असतो आणि पाउच ताणलेला असतो. त्यावर ट्रकात एखादा जड खोका आला की आतला पडदा फाटून शॉर्ट होतो. तो चार्ज करू नका, टोचून हवा काढायचा उद्योग तर अजिबात नको. दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या, ती ई-कचऱ्यात द्या आणि फोन 'बॅटरीविना, सुट्या भागांसाठी' म्हणून विका. डिस्प्ले शाबूत असेल तर त्याच्यासाठीच लोक घेतात.

दुसरी वस्तू ग्रामोफोन. शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसू शकते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मोटरच्या पाटीवर किंवा साउंडबॉक्सवर (सुई बसवलेल्या गोल डबीवर) मॉडेल दिसेल, त्यावरून साल काढा. शंभरीच्या काठावर असेल तर परदेशी लिलावात टाकूच नका, किंवा आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या.

आता लिलाव कुठे हा प्रश्न. ईबे या लिलावाच्या कंपनीचं भारतातलं देशी संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं. देशातल्या देशात खरा लिलाव आता मुख्यतः फेसबुकवरच्या संग्राहकांच्या गटांत चालतो. बाकी ठिकाणी लिलाव म्हणजे घासाघीस. जागतिक ईबेवर इथून विकता येतं, पण त्यासाठी आयात-निर्यात कोड काढावा लागतो आणि पैसे पेओनियर या परदेशी पेमेंट सेवेमार्गे येतात. सातआठ वस्तूंसाठी एवढा खटाटोप माझ्या मते परवडत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर इथेच विका. १४ किलोच्या वस्तूचं भाडं किंमत खाऊन टाकतं, आणि ऐकून घेणारं गिऱ्हाईक पणजी-मडगावात मिळतं. जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहा: '१०० व्होल्ट, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो'. हे न वाचता कुणी २३० व्होल्टमध्ये लावला की फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो आणि भांडण तुमच्या दारात येतं. मागे व्होल्टेज निवडायची चकती आहे का तेही बघा. परदेशी प्रवाशांसाठी विकलेल्या मॉडेलांना ती असते आणि मग किंमत वाढते.

खारंवारं
लिलावाचं मी सांगतो. कॅमेरा आणि टर्नटेबल लिलावाला योग्य, कारण त्यांना ठरलेला बाजारभाव नसतो आणि दोन हौशी भिडले की आकडा चढतो. फोन-लॅपटॉप लिलावात टाकू नका. त्यांचे भाव सगळ्यांना पाठ असतात, तिथे ठरावीक किंमत लावा.

सुरुवातीची बोली म्हणजे ज्या किमतीला वस्तू गेली तर तुम्हाला रडू येणार नाही ती. '१ रुपयापासून' हा प्रकार हजारो लोक बघतात अशा ठिकाणी चालतो. ३०० जणांच्या गटात दोनच बोलीवाले आले तर कॅमेरा ४०० रुपयांना द्यावा लागेल, आणि शब्द फिरवलात तर पुढच्या वेळी कुणी बोली लावणार नाही.

फेसबुकवरच्या लिलावात नियम आधीच लिहा: संपायची नेमकी वेळ, बोलीतली किमान वाढ, पैसे किती तासांत, भाडं कुणाकडे. आणि एक नियम विसरू नका: शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी ५ मिनिटं वाढेल. तो नसेल तर सगळे दबा धरून बसतात आणि शेवटच्या दहा सेकंदांत टपकतात, मग खरी किंमत निघतच नाही. ईबेवर गणित वेगळं असतं. बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्त ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच चढवते. एकाची कमाल १२० डॉलर आणि दुसऱ्याची ९५ असेल तर वस्तू ९६ ला जाते. म्हणजे तुमचा दर दुसऱ्या क्रमांकाचा माणूस ठरवतो. म्हणूनच दोन गंभीर बोलीवाले हवेत, बाकी बघे असले काय आणि नसले काय.

वर्णनात 'चालू स्थितीत' हे दोनच शब्द लिहिणं म्हणजे परताव्याला आमंत्रण. डेकसाठी लिहा: 'पॉवर येते, प्ले दाबल्यावर मोटरचा आवाज येतो, टेप फिरत नाही'. बहुतेक बेल्टचं रबर विरघळून डांबर झालं असेल. आपल्या दमट हवेत हे नेहमीचंच. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुली साफ केली आणि नवा बेल्ट घातला तर भाव वाढेल, पण ते जमत नसेल तर जसा आहे तसा द्या. अर्धवट उघडलेला डेक कुणी घेत नाही.

लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. गोव्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती सापडणारच असं धरून चाला. टॉर्चच्या उजेडातलाच फोटो टाका. बुरशी दाखवलेली लेन्स थोडी स्वस्त जाते, लपवलेली परत येते आणि दोन्हीकडचं भाडं तुमच्या अंगावर.

पार्सलघाट
पॅकिंगचं सविस्तर लिहितो, कारण टर्नटेबल मोडतो तो बहुतेक वेळा पॅकिंगमुळेच.

प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) वरच राहिला तर प्रत्येक धक्क्याला स्पिंडलच्या बेअरिंगवर आदळतो. म्हणून प्लॅटर काढा, बेल्ट काढून चिठ्ठी लावलेल्या पिशवीत ठेवा. टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) मागचं वजन फिरवून काढा, हेडशेल (पुढचा सुई बसवलेला भाग) काढा, सुईला टोपी घाला. आर्म स्टँडला कागदी टेपने किंवा मऊ तारेने बांधा, सेलोटेपने नको, डिंक राहतो. झाकण बिजागरीतून काढा. ते अ‍ॅक्रिलिकचं असेल तर बबलरॅप थेट लावू नका. उन्हात तापलेल्या गाडीत बुडबुड्यांचे ठसे उमटतात. आधी पातळ फोम, मग बबलरॅप. प्लॅटर सगळ्यात खाली, पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्ये. वर ठेवलात तर तोच आर्मवर पडतो. काही मॉडेलांना खालून वाहतुकीचे स्क्रू असतात, ते आवळा आणि 'आधी हे सैल करा' अशी चिठ्ठी वरच ठेवा.

मग खोक्यात खोका. आतल्या खोक्याभोवती सहाही बाजूंनी ५ सेंमी मऊ थर. थर्माकोलचे सुटे दाणे वापरू नका, जड वस्तू त्यांतून सरकत तळाला जाऊन टेकते. वर्तमानपत्राचे बोळे दमट हवेत दबून राहतात, पुन्हा फुगत नाहीत. ईपीई (लवचिक पॉलिथिन) फोमच्या पट्ट्या उत्तम. बाहेरचा खोका ५ प्लायचा (पाच थरांच्या पुठ्ठ्याचा), दहा किलोच्या वर ७ प्लाय. टेप मधल्या सांध्यावर आणि दोन्ही कडांवर. बंद केल्यावर हलवून बघा. आत काही सरकलं तर पुन्हा उघडा. 'काळजीपूर्वक हाताळा'चं स्टिकर लावायचं तर लावा, कन्व्हेअरच्या पट्ट्याला वाचता येत नाही.

भाडं प्रत्यक्ष वजनावर ठरेल असं समजू नका. हवाई कुरिअरमध्ये लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये घेऊन ५००० ने भागतात आणि जे जास्त ते धरतात. ६२ × ५४ × ३२ चा खोका म्हणजे २१.४ किलो, आत ११ किलोच असले तरी. म्हणून खोका आणून, मोजून, मगच जाहिरातीत भाडं लिहा. 'भाडं फुकट' लिहून मग हिशेब केलात तर लिलाव चढूनही हातात काही उरत नाही.

पावसाचं. भिजलेल्या हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि त्याची ताकद जाते, म्हणून खोका घरी आणल्यावर पाटावर ठेवा, जमिनीवर नको. वस्तू एसीच्या खोलीतून काढून लगेच गुंडाळू नका, थंड धातूवर दव धरतं आणि तेच आत कोंडतं. आधी दोन-तीन तास बाहेर ठेवा. प्लास्टिकची पिशवी आतल्या खोक्याबाहेरून घाला. आत ५० ग्रॅमची सिलिका जेलची दोन पाकिटं. उघड्यावर महिनाभर पडलेली पाकिटं निकामी असतात, रंगाचे मणी असतील तर रंग बघा.

वाळपई, काणकोण अशा पिनकोडांवर पिकअपचा भरवसा धरू नका. डिचोलीतून द्यायचं असेल तर काउंटरवर नेऊन पावती घेणं सोपं. चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड आली की रस्त्याचं पार्सल अडकतं. पावसाळ्यात खरेदीदाराला दोन-चार दिवस जास्तच सांगा.

सोल्डरवाला_फोंडा
बॅटरी असलेल्या वस्तू जमिनीमार्गेच बुक करा आणि आत बॅटरी आहे हे काउंटरवर सांगा. लपवलीत तर विमानतळावरच्या स्कॅनरमध्ये दिसतेच आणि पार्सल अडकतं. लॅपटॉपच्या बॅटरीवर वॉट-अवर छापलेलं असतं. नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ११.१ व्होल्ट, ४.४ अँपिअर-अवर म्हणजे साधारण ४९, वाहतुकीच्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेच्या खूप आत. लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीपमध्ये नको. पॅकिंगमध्ये जागा झाला तर तिथेच तापत राहतो. पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी पार्सलात घालूच नका.

फोन रीसेट करण्याआधी गूगल खातं काढा, आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करा. उलटा क्रम केलात तर फोन जुनाच पासवर्ड मागतो आणि खरेदीदार तुम्हाला रात्री फोन करतो. *#०६# ने आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, १४४२२ वर एसएमएसने केवायएम (KYM), मग मोकळी जागा आणि तो क्रमांक पाठवून स्थिती तपासा. फोटोत शेवटचे चार आकडे झाका. लॅपटॉपमध्ये एसएसडी (चिपवर साठवणारी ड्राइव्ह) असेल तर नुसतं पुसून भागत नाही. आधी ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा (आतला मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद करा), मग रीसेट.

पैसे बँक खात्यात जमा झालेले स्वतः बघा, स्क्रीनशॉटवर वस्तू सोडू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागणारा खरेदीदार नव्हे.

डिचोलीकर_फ्यूज
खूप उपयोग झाला. टर्नटेबलच्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. हे लिहायला हवं का? आणि पॅकिंगचा व्हिडिओ काढतात तो कसा?

खारंवारं
लिहायलाच हवं. बेल्टच्या जुन्या टर्नटेबलात एसी मोटर असेल तर तिचा वेग विजेच्या वारंवारतेवर चालतो. ५० हर्ट्झचा ६० वर लावला की २० टक्के जलद फिरतो आणि पुली बदलावी लागते. देशातल्या खरेदीदाराला हे आड येत नाही, पण सौदीत किंवा अमेरिकेत न्यायचा विचार असलेला माणूस विचारणार. क्वार्ट्झ लॉकच्या डायरेक्ट ड्राइव्हला (बेल्टाशिवाय थेट मोटरवर फिरणाऱ्या, स्फटिकाने वेग राखणाऱ्या टर्नटेबलला) हा त्रास नसतो.

पार्सलघाट
व्हिडिओ न तोडता, एकाच शॉटमध्ये: मागच्या पट्टीवरचा क्रमांक, वस्तू चालू करून दाखवणं, सुटे भाग पिशव्यांत, आतला खोका बंद, बाहेरचा बंद, वजनकाट्यावर आकडा, शेवटी चिकटवलेला पत्ता. खोक्याच्या आतही पत्त्याची एक चिठ्ठी टाका, बाहेरची भिजून गेली तर तीच कामाला येते. कुरिअरच्या विम्यातून वापरलेल्या वस्तू आणि काच बऱ्याचदा वगळलेली असते, काउंटरवर अट वाचूनच पैसे भरा. आणि ७ प्लायचा खोका शोधायला पणजीला जाऊ नका. फ्रिज-वॉशिंग मशीनच्या दुकानात मागितलात तर मिळतो, कापून हवा त्या मापाचा करता येतो, फक्त घड्या दाबाव्या लागतात.